एक घाईचं 'नाही'

३ सप्टेंबर, मंगळवार

ताई,

तुझा फोन लागत नाही. लागत नाही म्हणजे तू लागू देत नाहीस असा माझा संशय आहे, पण असो. पत्ता मावशीने दिला, 'मी दिला म्हणून सांगू नकोस' या अटीवर, तेव्हा मी सांगितलेलं नाही.

बाबांना किडनीचा कॅन्सर आहे. डाव्या. तिथून फुप्फुसात गेलाय.

तुझ्यामाझ्यात सात वर्षं एक ओळ नाही आणि पहिल्याच पत्रात हे, पण गोल गोल फिरवून लिहायला मला येत नाही. नववीत शाळा सोडली ती निबंधामुळेच. मी तेव्हापासून काय काय केलं ते एकदा सांगेन. शेवटचं काम बंदरावर होतं, बोटींच्या बुडाचा जुना रंग खरवडायचा. एका बोटीवर रंगाचे अकरा थर निघाले होते, अकरावा चक्क गुलाबी. पण ते जाऊ दे.

तिथे मला दोन नंबरचा फोन आला. आपल्या सलूनमधली दुसरी खुर्ची चालवतो तो. अजून सगळे त्याला दोन नंबरच म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. म्हणाला, "ये. तुझे बाबा दोन गिऱ्हाइकांच्या मधे बसायला लागलेत." बस, एवढंच. पण बाबा दुकान उघडं असताना बसले असं तू तरी कधी पाहिलंस का? आईच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशीही उभे होते. मी तसाच निघालो. हाताला रंग होता.

लघवीतून रक्त जात होतं तीन महिने आणि यांनी कुणाला सांगितलं नाही. मग स्कॅन, मग सुई घालून तुकडा काढला, तपासला. काल मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावून समजावलं. बाई तरुण आहेत, चप्पल साधी, अक्षर मात्र डॉक्टरला न शोभेल इतकं सुवाच्य. मला तिथेच पहिला संशय आला.

मी म्हटलं, "कापून टाका ना किडनी. माणसाला दोन असतात."

त्या म्हणाल्या, "रोग आधीच बाहेर पडलाय. आधी कापायला घेतलं तर बरं होण्यात आठवडे जातील, तोवर फुप्फुसातला वाढेल. आधी औषध. औषध लागू पडलं तर कापायचं पुढे बघू."

"आणि केमो?"

"नेहमीच्या केमोला हा कॅन्सर फारसा दाद देत नाही."

मग त्यांनी कागदावर तीन रस्ते काढले. पहिला, दोन औषधं सलाईनमधून, दर तीन आठवड्यांनी, चार वेळा, आणि नंतर त्यातलं एकच चालू. ही औषधं कॅन्सरला मारत नाहीत, अंगातल्या पहारेकऱ्यांना जागं करतात आणि ते मारतात. लागू पडलं तर वर्षानुवर्षं टिकू शकतं. पण जागे झालेले पहारेकरी कधी कधी घरच्यांनाच धरतात: आतडं, फुप्फुस, थायरॉइड, कातडी. दुसरा रस्ता, सलाईनचं एक औषध आणि जोडीला रोज गोळी. गोळी गाठीचं रक्त तोडते. तिसरा, नुसती गोळी. गोळीने रक्तदाब वाढतो, जुलाब होतात, आणि हाताचे-पायाचे तळवे सोलवटतात, फोडही येतात.

आता मला सांग, ज्याला रस्ता माहीत आहे तो माणूस तीन रस्ते दाखवतो का? मी तर म्हणेन पाणी कुठेतरी मुरतंय.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. किती जगेन हा नाही, दुखेल का हाही नाही. विचारलं, "वस्तरा धरता येईल का?"

बाई म्हणाल्या, गोळीने कदाचित काही दिवस नाही येणार. मग त्यांनी जुन्या आजारांची यादी वाचली. साखर नाही, हृदय नाही, टीबी नाही. "आणि असं काही, की ज्यात शरीर स्वतःशीच भांडतं? सांध्यांचं, आतड्याचं, काही कातडीचं..."

"नाही."

प्रश्न संपायच्या आतच 'नाही' आलं, ताई. गिऱ्हाइकाने 'थोडे बारीक...' म्हणताच बाबा कातरी चालवतात ना, तसं. मी वाटभर त्या 'नाही'चाच विचार करत आलो.

अठरा तारखेला ठरवून सांगायचंय. कळावं म्हणून लिहिलं. ये असं म्हणत नाहीये.


७ सप्टेंबर, शनिवार

ताई,

उत्तर आलं नाही. पत्र पोचायलाच वेळ लागतो हे मला कळतं, तरी तू मुद्दाम लिहीत नाहीस असंही वाटतं. हा स्वभाव आहे, औषध नाही.

गुरुवारी बाबांना न सांगता त्यांची फाइल घेऊन मी दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. म्हातारे डॉक्टर, कानात केस. त्यांनी शब्दाला शब्द तेच सांगितलं. तेच तीन रस्ते, कापायचं नंतर, पेशंट मधल्या गटातला, ना फार बरा ना फार वाईट. इतकं सारखं की दोघांचं फोनवर आधीच ठरलं असावं. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "पोरा, दोन न्हाव्यांनी एकच भांग पाडला तर त्यांचा कट असतो का?" मी न्हाव्याचा मुलगा आहे हे त्यांना कसं कळलं? मग आठवलं, फाइलवर व्यवसाय लिहिलेला असतो.

दोन नंबरवरही माझी नजर आहे. तो दुकान उघडायच्या अर्धा तास आधी येतो. किल्ली त्याच्याकडे. बाबांनंतर दोन्ही खुर्च्या आपल्याच, असा हिशेब असणार. काल मी लवकर जाऊन काचेतून पाहिलं. नुसता झाडत होता. बाबांची खुर्ची पुढून मागून, बाबांचा पांढरा कोट झटकून, पुन्हा झाडत होता. रात्री झाडून ठेवलेलं दुकान सकाळी कोण झाडतं?

पण लिहायचं होतं ते वेगळंच. पावडरच्या डब्यात, गिऱ्हाइकाच्या मानेवर लावतो ती पावडर, त्या जुन्या रिकाम्या डब्यात मला गोळ्या सापडल्या. सुट्या पट्ट्या, नाव कापून टाकलेलं. बाबा सकाळी दुकानात शिरले की आधी तो डबा उघडतात हे मी दोन दिवस बघत होतो.

मला वाटलं, कुणा भोंदूने गाठलं. कॅन्सर झाला म्हटलं की दहा जण दहा मुळ्या घेऊन येतात. परवा एक गिऱ्हाईक गालाला साबण लावलेला असताना सांगत होतं, "माझ्या साडूला तिसऱ्या स्टेजला होता, नुसता गवताचा रस प्यायला. ठणठणीत!" दोन नंबरने विचारलं, "आता कुठे असतात?" "वारले. पण दुसऱ्याच कशाने तरी."

पट्टी घेऊन मी थेट औषधवाल्या काकांकडे गेलो. बाबांच्या वर्गातले, कोपऱ्यावरचं दुकान, तुला आठवत असतील. पट्टी काउंटरवर ठेवली. त्यांनी ती लगेच हाताखाली झाकली.

"तुला कुठे मिळाली?"

"तुम्ही देता?"

"हळू बोल रे."

"कॅन्सरवर देता? डॉक्टरांना न विचारता?"

"कॅन्सरचं काय घेऊन बसलास! पंधरा वर्षं देतोय मी त्याला. तुझ्या बापाला विचार." आणि समोर कुणी नसताना म्हणाले, "हं, पुढचं गिऱ्हाईक."

पंधरा वर्षं म्हणजे मी आठ वर्षांचा होतो. तू सोळाची. तुला काही माहीत आहे का? माहीत असेल तर लिही. माझ्याशी वैर असेल तर ते नंतर करू.


१६ सप्टेंबर, सोमवार

ताई,

तुझं पत्र शनिवारी आलं. अर्धं पान. चार वेळा वाचलं.

"बाबांना सोरायसिस आहे. मलाही आहे. त्यांना टोपी काढायला सांग. मी लग्न मोडून कुणाबरोबर पळाले नाही, मी पाहुण्यांना बाह्या वर करून कोपर दाखवले, आणि बाबांनाही हेच आहे असं सांगितलं. मी मुलांना पोहायला शिकवते. कुणी विचारलं तर सांगते."

मला सगळ्यांनी सांगितलं होतं की तुझ्या मनात दुसरं कुणी होतं. मी सात वर्षं त्या माणसाचा राग केला, ताई. त्याला मी मिशासुद्धा दिल्या होत्या.

आज दुकान बंद असतं. बाबा आत वस्तऱ्याला धार लावत बसले होते. बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि म्हटलं, "बाबा, टोपी काढा."

आपण दोघं वाढलो ती टोपी बघत. न्हाव्याच्या डोक्यावर टोपी, केसही स्वतःच कापणार, आरशापुढे आरसा धरून. मला वाटायचं, दुसऱ्याचा हात पसंत नाही. माणूस गर्विष्ठ आहे म्हणून आपण त्यांचं कौतुक करायचो!

"कुणी सांगितलं?"

"ताईने."

वस्तरा खाली ठेवला. म्हणाले, "तिने पत्र लिहिलं?" टोपीचं नाही विचारलं. "तुला लिहिलं?"

मग काढली. कानामागून मानेपर्यंत आणि वर टाळूला, जाड, चंदेरी पापुद्रे. खाली लाल. बोटीचा रंग मला आठवला, पण तसं बोललो नाही. म्हटलं, "दुखतं?"

"खाजतं. हात लावायचा नाही. गिऱ्हाईक बघतं." मग म्हणाले, "माणूस मान पुढे करून देतो आपल्याकडे. डोळे मिटतो. त्याला कोण सांगणार की हे लागत नाही, पसरत नाही? एकदा कळलं की संपलं. तुझ्या बहिणीने सांगितलं तेव्हा सहा महिने ही खुर्ची रिकामी होती. पाहुण्यांच्या घरचे अकरा पुरुष, सगळे माझ्याकडे यायचे. झाकली मूठ होती, हिने उघडून दाखवली."

"मग परत कसे आले सगळे?"

"मी सांगितलं, पोरगी खोटं बोलते. लग्न नको होतं म्हणून."

हे तू तुझ्या पत्रात लिहिलं नव्हतंस. तुला माहीत होतं ना? माहीतच असणार.

मी विचारलं गोळी कसली. स्टेरॉइड. रोज एक, वाढलं की दोन. गोळीने पापुद्रे दबतात, सोडली की दुप्पट येतात, म्हणून सोडली नाही. कुठल्या डॉक्टरने दिली? कुठल्याच नाही. मी म्हटलं, परवा डॉक्टरीणबाईंना हे सांगा. तर म्हणाले, "तिच्याकडे माझी तीन गिऱ्हाइकं कामाला आहेत. वॉर्डबॉय, लिफ्टवाला आणि तो रक्त काढणारा. तू तोंड उघडलंस तर हॉस्पिटलची पायरी चढणार नाही. हात दाखवून अवलक्षण मला दुसऱ्यांदा नको."

बाहेर आलो तर दोन नंबर पायरीवर. सुट्टीच्या दिवशी. मी भडकलो, "तुम्ही इथे काय करताय?"

"काळजी." मग हळूच म्हणाला, "काढली का टोपी?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"सकाळी लवकर येतो ते कशाला? रात्री झाडल्यावर ते एकटे मागे राहून डोकं खाजवतात, मग खुर्चीखाली पडलेलं असतं, कोटावर असतं. गिऱ्हाइकाच्या आधी झाडायला नको?"

"बाबांना ठाऊक आहे तुम्ही झाडता ते?"

"इतक्या वर्षांत मी बोललो नाही, ते बोलले नाहीत," तो म्हणाला. त्याच्यावर घेतलेला संशय मी परत घेतो. लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

परवा काय करू? सांगितलं तर ते उपचार सोडतील. नाही सांगितलं तर पहारेकऱ्यांना जागं करणारं औषध आणि त्यांनाच झोपवणारी ही स्टेरॉइडची गोळी एकाच अंगात. एवढं मला नववीतही कळलं असतं. तू सांगितलंस तेव्हा तुझं काय झालं ते मी बघितलंय. तुझं उत्तर येईपर्यंत अठरा उलटून जाईल, म्हणजे मी विचारत नाहीये, नुसता लिहितोय.


१९ सप्टेंबर, गुरुवार

ताई,

सांगितलं.

बाई म्हणाल्या, "काय ठरलं?" बाबा म्हणाले, "पहिला रस्ता. दोन सलाईनचा." हात वाचतात ना त्यात. बाईंनी संमतीचा कागद पुढे केला, बाबांनी पेन उचललं, आणि मी खिशातली पट्टी त्या कागदावर ठेवली. पट्टी घसरून खाली पडली, मग टेबलाखाली वाकून शोधली, डोकं आपटलं, पुन्हा ठेवली. सिनेमात असं होत नाही.

"स्टेरॉइड आहे. पंधरा वर्षं. सोरायसिसवर."

बाबा बाईंना म्हणाले, "हा माझा मुलगा नाही."

बाई म्हणाल्या, "नाक तर तुमचंच आहे." मग पट्टी उलटीसुलटी करून विचारलं, "रोज किती?" रागावल्या नाहीत. मला भीती होती की आता ओरडतील, कारण ओरडल्या असत्या तर बाबा उठून गेले असते. त्या नुसतं लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघू का?" आणि उठून दार स्वतः लावलं, कडी घातली. बाबांनी टोपी काढली.

बाईंनी जे सांगितलं ते मी पाठ केलंय. गोळी एकदम सोडायची नाही, जीवावर बेतेल. हळूहळू उतरवायची, नाहीतर सलाईनचा जोर कमी पडू शकतो. हे न सांगता सुरू केलं असतं आणि अंगभर उठलं असतं तर डॉक्टरच अंधारात चाचपडले असते. सोरायसिस आहे म्हणून रस्ता बंद नाही, पण कातडीच्या डॉक्टरांना बरोबर घ्यायचं. आणि एक स्पष्ट: पहारेकरी जागे झाले की कातडी भडकण्याची बरीच शक्यता. डोक्यावरच नाही, हातावर, मानेवर, कुठेही.

"आणि तिसरा रस्ता, नुसती कॅन्सरची गोळी घेतली तर?" बाबांनी विचारलं.

"तिने सोरायसिस सहसा जागा होत नाही. पण तुमच्यासारख्यात ती एकटी बहुतेक वेळा तितकी टिकत नाही. आणि तळव्यांचं मी सांगितलंय."

"तळवे सोलले तर कॅन्सरच्या औषधाने झालं असं सांगता येतं?"

"येतं. खरंच आहे ते."

बाबांनी दहा मिनिटं मागितली. आम्ही बाहेर बाकावर. लिफ्टवाल्याने लांबून नमस्कार केला, बाबांनी टोपी चाचपली. मला कळलं ते काय ठरवतायत. तिसरा रस्ता. हात जातील, दिवस कमी होतील, पण मूठ झाकलेली राहील.

"तू तुझ्या बहिणीवर गेलास," ते म्हणाले.

"बरं झालं."

"कौतुक नव्हतं केलं." मग लिफ्टकडे बघत विचारलं, "ती आता काय करते? बाह्या लांबच घालते ना?"

मी म्हटलं, "पोहायला शिकवते. लहान मुलांना."

"पोहायला?"

"हो."

"म्हणजे... सगळ्यांसमोर?"

"पोहायला काय शाल पांघरून शिकवतात, बाबा?"

त्यांनी हसायला हवं होतं. नाही हसले. विचारलं, "आणि लोक पोरं पाठवतात तिच्याकडे? पाण्यात?" मी म्हटलं, पाठवत असणार, नाहीतर शिकवते कुणाला. खरं म्हणजे मला माहीत नाही, तू एवढंच लिहिलं होतंस. खोटं असेल तर आताच सांग. माझ्या स्वभावाप्रमाणे तीही शंका मला येऊन गेली.

ते उठले, दार न वाजवता आत गेले. मी मागे. बाईंना म्हणाले, "दोन सलाईनचं. उठू दे काय उठायचं ते. ती स्टेरॉइडची गोळी किती दिवसांत उतरवायची ते लिहून द्या, याच्याकडे देऊ नका, माझ्याकडे द्या."

सही केली. वाटेत माझ्याशी बोलले नाहीत. अजून बोलत नाहीत, 'मीठ दे' म्हणतात तेवढंच.


११ ऑक्टोबर, शुक्रवार

ताई,

परवा पहिलं सलाईन झालं. तीन तास. ताप आला, उतरला. रक्त काढणारा पोरगा त्यांचं गिऱ्हाईक निघाला ते खरंच. सुई टोचताना म्हणाला, "काका, हलू नका, तुम्ही आम्हाला हेच सांगता."

गोळी कमी केल्यापासून डोकं भडकलंय, आणि उजव्या हाताच्या पाठीवर रुपयाएवढा डाग आलाय. आज दुकानात एका गिऱ्हाइकाने बघितला आणि विचारलं, "हे काय हो?" मी कोपऱ्यात टॉवेल घडी करत होतो, घडी तशीच राहिली. बाबा म्हणाले, "सोरायसिस. लागत नाही. दाढी करायची की जायचंय?" तो पाच सेकंद थांबला. मी मोजली. मग मान मागे टेकली. त्याच्यानंतरचा एक जण मात्र 'जरा जाऊन येतो' म्हणून गेला तो आलाच नाही. दोन नंबरकडेही नाही. असे अजून जातील. औषध लागू पडलं की नाही ते स्कॅन होईपर्यंत कुणालाच माहीत नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. मी तीनदा विचारून खात्री केली.

हे पत्र मी लिहितोय ते बाबांना दिसतंय. आत्ता विचारलं, "तिलाच ना?" मी हो म्हटलं. मग माझ्या पाठीमागे फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "विचार तिला, खाज सुटली की काय लावते."

मी म्हटलं, कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलंय की.

"त्याला स्वतःला आहे का? नाही ना? मग त्याला काय कळणार. तिला विचार. आणि पाण्यात जाते तर पाण्याने वाढतं की कमी होतं, तेही विचार."

"आणखी काही?"

"आणखी काय. एवढंच."

तर एवढंच. उत्तर माझ्या नावाने पाठवू नकोस, त्यांच्या नावाने पाठव. त्यांना संशय आहे की मी उघडून आधी वाचेन. बरोबर आहे त्यांचा.